विणस्नायू

अळीच्या अंगात माणसापेक्षा कितीतरी जास्त स्नायू असतात, हे वाक्य डॉ. ऋता वझलवार आपल्या प्रत्येक भाषणात सांगत असे आणि समोरचे लोक प्रत्येक वेळी माना डोलावत. बिनहाडाचं मऊ शरीर, आधाराला सांगाडा नाही. म्हणून चालणं, चढणं, कुरतडणं, मान वळवणं ही सगळी कामं हजारो बारीक स्नायूंनी आपसांत वाटून घेतलेली. त्या स्नायूंना नावं देण्यात ऋताची उमेदीची सगळी वर्षं गेली होती.

नावं देणं म्हणजे नुसती यादी करणं नव्हे. नागपूरच्या कीटकरचना केंद्रात जे काम चाले त्याला जगभर ऑन्टॉलॉजी म्हणत. केंद्रातल्या लोकांनी त्याला संज्ञावृक्ष हा शब्द रुळवला होता. शब्दकोश माणसांसाठी असतो, संज्ञावृक्ष यंत्रांसाठी. त्यात प्रत्येक स्नायूला एक क्रमांक, एक व्याख्या आणि एक पालक असे. पालकाबद्दल जे खरं, ते त्याच्या सगळ्या लेकरांबद्दल खरं, असं यंत्र धरून चाले. दोन स्नायू एका फांदीवर बसवले तर यंत्राच्या लेखी ते भाऊ. वेगळ्या फांद्यांवर बसवले तर एकमेकांना ओळखही नाही. पूर्वी हा वृक्ष चार अभ्यासकांच्या उपयोगाचा होता. आता पिकांवरचे फवारे यंत्रंच घडवू लागली होती, आणि कोणता फवारा कोणत्या जिवाला बाधेल हे ती याच वृक्षाला विचारत होती.

त्या दिवशीच्या बैठकीत विषय होता एकाच स्नायूचा. धानाची पानं गुंडाळणारी अळी तोंडातून रेशीम काढते आणि मान डावीउजवीकडे झुलवत पानाच्या दोन्ही कडांना टाके घालते. पान मिटलं की आत बसून निवांत खाते. ही मान झुलवणारा स्नायू कोणता, हे ऋताच्या गटाने नक्की केलं होतं. त्याला वेगळी फांदी द्यायची, की रेशीमकिड्यांच्या ज्या स्नायूला केंद्रात विणस्नायू म्हणत त्याच्याच घरात बसवायचा, एवढाच प्रश्न होता.

"वेगळी फांदी," ऋता म्हणाली. "रेशीमकिड्यात हा स्नायू छातीच्या पहिल्या खंडाच्या पुढच्या काठाला चिकटतो. इथे मागच्या काठाला. आपली व्याख्या चिकटण्याच्या जागेवरून आहे. दोघांना एकत्र टाकलं की तपासणीत विसंगती येते."

"व्याख्याच चुकीच्या पायावर असेल तर?" डॉ. सुनंद खोब्रागडे म्हणाला.

सुनंद आणि ऋता एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकले होते. एका सूक्ष्मदर्शकावर आळीपाळीने डोळा लावून त्यांनी संशोधनाची वर्षं काढली होती, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं होतं. पुढे ती रचनेकडे वळली, तो भ्रूणविकासाकडे. अंड्यात अळी घडत असताना प्रत्येक स्नायूची सुरुवात एकाच पेशीपासून होते. तिला तो आद्यपेशी म्हणे. कोणती जनुकं जागी आहेत यावरून त्या पेशीची ओळख ठरते. मग आजूबाजूच्या पेशी तिच्यात मिसळून स्नायू लांब होतो आणि वाढता वाढता कुठेतरी जाऊन चिकटतो. सुनंदचं म्हणणं असं, की चिकटण्याची जागा सरकू शकते, आद्यपेशीची ओळख सरकत नाही.

"मला तीन महिने द्या," तो म्हणाला. "दोन्ही किड्यांची अंडी रंगवून बघतो. माझा अंदाज आहे, हा एकच स्नायू आहे." मग तो जरा हसला. "गंमत बघा. माणसाला जन्म विचारू नका म्हणून आम्ही आयुष्यभर सांगत आलो. आणि स्नायूला मात्र जन्मच विचारा म्हणायची पाळी आली."

दोघंतिघं हसले. ऋता हसली नाही. फवारा घडवणारी कंपनी त्या फांदीसाठी खोळंबली होती. संचालक पारनेरकर सकाळपासून दोनदा आठवण करून गेले होते, आणि सुनंदच्या मुद्द्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. हे तिला त्या क्षणीही माहीत होतं.

"शेवटी तूही जन्मावरच आलास ना," ती म्हणाली. "तुमच्या लोकांना दुसरं काही सुचतच नाही का रे?"

अख्खी खोली हसली. पारनेरकर चष्मा काढून डोळे पुसत हसले. वृक्षाची संगणकीय बाजू सांभाळणारा कार्तिक हाडके टेबलावर थाप मारून हसला. सुनंदचं आधीचं हसू चेहऱ्यावरच राहिलं होतं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नसावं. त्याने समोरचा लॅपटॉप मिटला. कोणीतरी "मग वेगळी फांदी, मंजूर" म्हणालं आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली.

जिना उतरताना ऋताने स्वतःशी हिशेब मिटवला. तुमचे लोक म्हणजे भ्रूणशास्त्रवाले. तिला तेच म्हणायचं होतं. सुनंदलाही ते कळलं असेल. महिन्याभरात तो केंद्र सोडून वर्ध्याच्या एका महाविद्यालयात शिकवायला गेला, तेव्हा घराजवळ नोकरी मिळाली असं सगळे म्हणाले. तीही तसंच म्हणाली.

फवारा आला. कंपनीने त्याला स्नायूकुलूप असं नाव दिलं आणि ते सार्थच होतं. त्यात विष नव्हतं. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळलेला आरएनएचा एक तुकडा होता. पानाबरोबर तो अळीच्या पोटात जाई, तिथून अंगभर फिरे, पण काम करी ते एकाच स्नायूत. ज्या पेशीत ओळखीची ठरावीक जनुकं जागी असतील तिथेच त्याची किल्ली लागे आणि आकुंचनाला लागणारं एक प्रथिन तयार होणं थांबे. बाकी अळी ठणठणीत. फक्त तिला मान झुलवता येत नसे. पान मिटता आलं नाही की ती उघड्यावर पडे आणि बगळे, चिमण्या, गांधीलमाश्या तिचा निकाल लावत. ना शेतकऱ्याच्या हाताला वास, ना तळ्यातल्या माशाला त्रास.

परवाना मिळण्याआधी यंत्राने संज्ञावृक्षाला विचारलं होतं: हा स्नायू आणखी कोणाकोणात आहे? वृक्षाने ऋताच्या फांदीवर जेवढं होतं तेवढं सांगितलं. पानं गुंडाळणाऱ्या अळ्या, बस्स. त्यामुळे जंगलाच्या काठापर्यंत फवारायला मोकळीक मिळाली. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानावर ड्रोन फिरले. दोन हंगाम पिकं अशी तरारली की ऋताचा दिल्लीत सत्कार झाला. भाषणात तिने अळीच्या स्नायूंचं ते वाक्य सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या पावसाळ्यात ड्रोन आरमोरीकडच्या जंगलाकाठीही पोचले आणि तिथल्या काही गावांतून तक्रार आली. तिथे ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळतात. ढिवर समाजातल्या घरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे ते. किडे कोसा, म्हणजे रेशमाचा कोश, धरत नाहीत, असं तक्रारीत म्हटलं होतं.

"रोग असेल एखादा," पारनेरकर म्हणाले. "तू जाऊन ये. केंद्राचं माणूस आलं म्हणजे लोकांना बरं वाटतं."

जांभळटोल्याच्या वेशीपाशी कौतिका मारबते तिची वाट बघत उभी होती. पन्नाशीची, काटक, डोक्याला फडकं बांधलेली. गावातल्या कोसापालक बायकांच्या गटाची ती प्रमुख होती. धानाच्या बांध्या ओलांडून दोघी ऐनाच्या राईत गेल्या. दोन्हींच्या मध्ये एक पायवाट होती, बैलगाडी जाईल एवढी.

"आमी सारं बराबर केलं जी मॅडम," कौतिका चालता चालता सांगत होती. "राखन केली, पाखरं हाकलली, मुंग्यांसाठी बुडाले राख टाकली. किडे बी हे एवढे झाले खाऊन खाऊन. आन्‌ आता पाहा."

ऋताने पाहिलं. फांदीफांदीवर बोटाहून जाड, हिरवेगार, निरोगी किडे होते. त्यांचं खाणं संपलं होतं. विणायची वेळ होती. टसरचा किडा आधी दोनचार पानं ओढून घेतो आणि मग मान झुलवत, आठाच्या आकड्यासारखे फेरे घेत स्वतःभोवती घर विणतो. इथे प्रत्येक किडा डोकं वर उचलत होता आणि तसाच थांबत होता. ओठाशी रेशमाचा थेंब जमत होता, लांबत होता, खाली गळत होता. किडा थोडा विसावा घेऊन पुन्हा डोकं उचलत होता. पानांवर आणि गवतावर रेशमाचे बिनकामाचे गुंते पडले होते.

रोग शोधायची गरजच नव्हती. त्या किड्यांच्या छातीत कुठला स्नायू लुळा पडलाय हे तिला बोट ठेवून दाखवता आलं असतं.  पायवाटेपलीकडच्या धानात एक ड्रोन हळूहळू पुढे सरकत होता, आणि वारा राईकडे होता.

"आमचं काई चुकलं का जी?" कौतिकाने विचारलं.

"असं का म्हणता?"

 फांदीवरून पडू पाहणारा एक किडा कौतिकाने हलकेच पानावर सरकवला. "किडे झाडावर असले का आमच्यात पाळनूक असते. बाईमानूस अडचनीत असन तं राईत पाय नाई ठेवत. मले ताप भरला होता, तं सून भाकर घेऊन आली इथं. आरोही नाव तिचं. तिले म्हाईत होतं, तरी आली. का म्हने, आत्याबाई, तुमी उपाशी कश्या राहाल. मंग किडे असे झाले. साऱ्या गावानं तिचंच नाव घेतलं."

"मग?"

"मंग का जी. पोरगा काई बोलला नाई. मीच तिले वडश्याच्या गाडीत बसवून देलं, माहेरी." ती खाली बघत होती. "तुमी शिकल्यासवरल्या हा. तिच्यानं झालं का हे?"

नाही. एवढंच म्हणायचं होतं. तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे. ऋताच्या जिभेवर ते आलंही. पण त्या शब्दामागून काय काय येईल ते सगळं तिला एकदम दिसलं: कंपनीचे वकील, परवाना, दिल्लीच्या टाळ्या, पारनेरकरांचा चेहरा. ती म्हणाली, "नमुने नेते. तपासून सांगते."

"बरं जी," कौतिका म्हणाली.

निघताना बायकांनी तिला चहा दिला, आणि गटाच्या मागावर विणलेला टसरचा एक पंचा तिच्या खांद्यावर घातला. केंद्रातून इतक्या लांब कोणी आलं नव्हतं म्हणाल्या. गाडी रस्त्याला लागल्यावर ऋताने तो खांद्यावरून काढून शेजारच्या सीटवर ठेवला. तो अंगावर ठेवणं तिला जमेना.

केंद्रात परतून तिने दार लावून घेतलं आणि एक किडा उघडला. स्नायू होता तिथेच होता, पांढुरका, सैल. आद्यपेशीची जनुकं ओळखणारे रंग तिने टसरच्या किड्याच्या आणि पानं गुंडाळणाऱ्या अळीच्या, अशा दोन्ही स्नायूंवर टाकले. दोन्हीकडे एकाच रंगांची तीच जुळणी उजळली. सुनंदने तीन महिने मागितले होते. उत्तर एका दुपारीत मिळालं.

पारनेरकरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लोटलं. "वृक्षात दुरुस्ती करून टाकू," ते म्हणाले. "नवीन पुराव्यानुसार वर्गीकरण सुधारलं, एवढंच लिहू. गावातलं रोगावर जाईल. लोकांना काहीतरी भरपाई मिळेल असं बघतो मी."

"त्यांनी एका सुनेला घराबाहेर काढलंय, सर."

"ते त्यांचं सामाजिक आहे. त्यात आपण काय करणार?"

ती बाहेर पडली. काचपट्ट्या पिशवीत टाकून तिने वर्ध्याची गाडी पकडली. सल्ला घ्यायला चाललोय, असं तिने वाटेत स्वतःला समजावलं.

सुनंदचं प्रॅक्टिकल नुकतंच संपलं होतं. प्रयोगशाळेत फॉर्मलीनचा वास होता. केस पिकले होते, चष्मा जाड झाला होता. तिला दारात बघून त्याला आश्चर्य वाटलं असेल तर त्याने ते दाखवलं नाही. "ये," म्हणाला आणि काचपट्टीसाठी हात पुढे केला.

तो बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघत राहिला. "एकच आहे."

"हो." ऋता उभीच होती. "सुनंद, माफ कर. वर्गीकरण चुकलं माझं."

"वर्गीकरण चुकतं. माझीही चुकली आहेत." त्याने दुसरी पट्टी लावली. "आणखी काही?"

"तू म्हणालास तसं थांबायला हवं होतं."

"आणखी काही?"

 बाहेर व्हरांड्यात मुलांची वर्दळ चालली होती. सुनंदने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि तिच्याकडे वळला.

"बैठकीत तू काय बोललीस ते आठवतं का तुला?"

"आठवतं."

"म्हण."

"सुनंद, मला भ्रूणशास्त्रवाले म्हणायचं होतं. तुमचे लोक म्हणजे..."

"खरंच?"

इतकी वर्षं ती स्वतःला जे सांगत आली होती ते तिने पुन्हा एकदा सांगून पाहिलं, आणि ते या खोलीत टिकेना. "नाही," ती म्हणाली.

"मग म्हण."

तिने म्हटलं. दोन्ही वाक्यं, जशीच्या तशी, शेवटच्या 'का रे'सकट. त्या दिवशी ती किती सहज आली होती. आज ती एकेक शब्द सुटा करून बोलली. बोलून झाल्यावर ती समोरच्या स्टुलावर बसली.

"तो विनोद माझा होता," सुनंद शांतपणे म्हणाला. "स्वतःवर केलेला. माझ्या घरच्यांनी जे सोसलं त्यावर हसायचा हक्क मी स्वतःकडे ठेवला होता. तू तो उचललास आणि माझ्यावर फेकलास. का? तर माझ्या मुद्द्याला तुझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून. वाईट त्याचं नाही वाटलं की तू तशी आहेस. तू तशी नाहीस असं मी धरून चाललो होतो, त्याचं वाटलं."

ऋताला 'माफ कर' हे शब्द पुन्हा उच्चारवेनात. ते आधीच वर्गीकरणावर खर्चून झाले होते. ती मान खाली घालून बसून राहिली, आणि सुनंदने तिला तसं बसू दिलं. उठून पाणी दिलं नाही, की असू दे म्हणाला नाही.

मग त्याने विचारलं, "किडे जिवंत आहेत अजून?"

"आहेत. विणायचा प्रयत्न करताहेत."

"विणलं नाही तरी ते प्यूपा होणारच, उघडेच. पतंग होण्याआधी आतले जुने स्नायू विरघळतात आणि नवे घडतात. कुलूपही तोवर विरून जाईल. पतंग धड निघतील, अंडी घालतील. यंदाचं रेशीम गेलं, पण बियाणं वाचेल." त्याचा आवाज जुन्या सवयीने भरभर चालू लागला होता. "मात्र उघडे राहिले तर मुंग्या आणि पाखरं दोन दिवसांत फडशा पाडतील. एकेकाला अंधारात, कोरड्यात ठेवायला हवं. द्रोणात, पुडीत, कशातही. इथे काय बसलीयेस? जा."

"केंद्राच्या बैठकीत मी सगळं सांगणार आहे. तू येशील?"

"नाही," तो म्हणाला. "ते तुझं तू सांग. ती तोंडं मला पुन्हा बघायची नाहीत."

जांभळटोल्यात तिने कौतिकाला बाजूला घेतलं नाही. समाजमंदिरासमोर माणसं जमली होती, त्यांच्यासमोरच उभी राहिली. "किड्यांना रोग नाही," ती म्हणाली. "आरोहीमुळे काही झालेलं नाही. धानावरच्या फवाऱ्याने किड्यांची मान लुळी पडली. तो फवारा तुमच्या किड्यांना बाधणार नाही असं यंत्राने सांगितलं, कारण तसं मी लिहून ठेवलं होतं. एका माणसाने मला अडवलं होतं. मी त्याचं ऐकलं नाही. आणि परवा मला हे सगळं कळलेलं असूनही मी तुम्हाला काही न सांगता निघून गेले."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. एक म्हातारा उठून निघून गेला. एका बाईने शेजारणीला काहीतरी विचारलं आणि शेजारणीने नुसती मान हलवली.

"परवा म्हाईत होतं तुमाले?" कौतिकाने विचारलं.

"हो."

"मी इचारलं तवा?"

"हो."

 कौतिका पदर खोचून उठली. "आता किडे कसे वाचवाचे ते सांगा."

दिवसभर सगळा गाव राईत होता. पळसाच्या पानांचे द्रोण लावले गेले. एका द्रोणात एक किडा, वर दुसरा द्रोण पालथा, काडीने टाचलेला. ऋता त्यांच्यात बसून टाचत होती. तिला कोणी उठ म्हटलं नाही आणि तिच्याशी कोणी बोललंही नाही. उन्हं कलल्यावर कौतिका तिच्याजवळ आली.

"वडश्याले चला मासंगं. तुमी सांगा तिले. मी सांगन तं तिले वाटन का मनानं सांगतो."

आरोही माहेरच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. तरुण, उंच, डोळ्यांखाली काळं आलेली. ऋताने सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं, ते गेलं नाही. आरोहीने हातातला पिळा तसाच धरून ऐकून घेतलं.

"किडे वाचले का?" तिने सासूला विचारलं.

"बरेच वाचले."

"बरं झालं." तिने पिळा झटकून दोरीवर टाकला. "आत्याबाई, या मॅडमनं सांगतलं म्हनून तुमाले पटलं. मी रडून सांगत होतो तवा काऊन नाई पटलं?"

 कौतिकाने पुढे होऊन दोरीवरच्या कापडाचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून ते ताणून सरळ केलं.

"येईन मी," आरोही म्हणाली. "पन आज नाई."

बैठक पुढच्या आठवड्यात झाली, त्याच खोलीत. ऋताने पडद्यावर दोन्ही स्नायूंची चित्रं लावली, पानं गुंडाळणाऱ्या अळीचा स्नायू विणस्नायूच्या घरात आणून बसवला आणि फवाऱ्याचा परवाना थांबवावा असं केंद्राने आजच कळवावं म्हणाली. इथवर सगळे गंभीरपणे ऐकत होते. वृक्षातल्या प्रत्येक बदलाला कारण नोंदवावं लागतं. कार्तिकने कीबोर्ड पुढे ओढला. "नवीन पुरावा, असं टाकू?"

"नाही. लिही," ऋता म्हणाली. "डॉ. सुनंद खोब्रागडे यांनी हे आधीच सुचवलं होतं. त्यांचा मुद्दा मला खोडता येत नव्हता. म्हणून मी त्यांच्या जातीवर बोलले. खोली हसली आणि मुद्दा तिथेच संपला. मागचा निर्णय पुराव्यावर झालेला नाही, त्या हसण्यावर झालेला आहे."

कार्तिकची बोटं थांबली होती.

"ऋता, हे रेकॉर्डवर नको," पारनेरकर म्हणाले. "जगभरचे लोक वाचतात."

"म्हणूनच हवं, सर. जगभरची यंत्रं आपल्यावर विश्वास ठेवतात. आपण ठरवतो कसं, ते त्यांना कळू दे." आणि कार्तिक लिहीत नाही असं बघून तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

त्याच आठवड्यात तिच्याकडून संज्ञावृक्षाचं प्रमुखपद काढून घेतलं गेलं. परवाना स्थगित झाला. आणि तिला फोन येऊ लागले. आधी कार्तिकचा. "मॅडम, तुम्ही केलंत ते योग्यच. फक्त एक सांगायचं होतं, मी तेव्हा हसलो नव्हतो." मग दुसऱ्या एकीचा: आपण बहुतेक फोनवर होतो, नीट ऐकूच आलं नव्हतं. मग आणखी कोणाचा. शेवटी पारनेरकरांचाही आला. आपल्याला ते तेव्हाच खटकलं होतं, म्हणाले. तिला त्यांचा तो चष्मा काढून डोळे पुसणारा चेहरा दिसत होता. ती कोणाशीही वाद घालायला गेली नाही. स्वतःची समजूत कशी घालतात ते तिला ठाऊक होतं.

एका सकाळी कौतिकाने मोबाइलवर फोटो पाठवला: द्रोणावर बसलेला टसरचा पतंग, पंख अजून ओले. तो सुनंदला पाठवावा की नाही याचा ऋताने खूप विचार केला, आणि न पाठवता फोनच लावला.

पतंग निघू लागलेत, तिने सांगितलं. बैठकीत काय झालं तेही सांगितलं, आणि नंतरच्या फोनांचं.

"कोणीच हसलं नव्हतं?" सुनंदने विचारलं.

"कोणीच नाही."

"मग त्या दिवशी हसलं कोण?"

"ते मला सांगता यायचं नाही," ऋता म्हणाली. "बोलले मी होते."

 तिने कानावरून फोन काढून बघितला, चालू होता. वर्ध्याच्या त्या व्हरांड्यातून मुलं जाता येताना ऐकू येत होती. सुनंद काही बोलत नव्हता, पण त्याने फोन ठेवला नव्हता. तीही तसाच धरून बसली.